कारणाच्या रकान्यात वानर

बंदुकीच्या नळीने त्याने माझी ओढणी उचलली. हाताने नाही. नळीने. मेलेलं जनावर काठीने उलटं करून बघतात ना, तसं.

साडेचार वाजलेले, लख्ख ऊन. मी राजापूरच्या बाजूला काजूच्या फॅक्टरीत सोलायला जाते. सुटले की एसटी फाट्यावर सोडते, तिथून सडा ओलांडून आमची बौद्धवाडी. अर्धा तास. सड्यावर नुसता कातळ, माणूस नाही. तो गावच्या बागवाल्यांचा धाकटा. मागे बाईकवर दोघे मित्र. डुकराच्या शिकारीला निघालेले.

"काय गो, एकटीच? डुक्कर समजून उडवली असती."

मित्र हसले.

"घाबरू नको, ठासलेली नाय," म्हणाला. म्हणजे आत दारू भरलेली नाही. मग ओढणी नळीवरनं लांब भिरकावली. "उचल."

मी उचलली. वाकले आणि उचलली. पोलीस पाटलाला सगळं सांगितलं, हे एवढं सोडून. आज पहिल्यांदा लिहितेय.

पाटील म्हणाले, "मस्करी केली असेल गो. पोरगा वाईट नाय." आणि वर, "तुझी आई त्यांच्याच बागेत जाते ना कामाला?"

बस. एवढंच बोलले. कळलं मला.

आणि ती बंदूक त्याची नाहीच. परवाना बापाच्या नावावर, शेतीसंरक्षणाचा, वानरं नि डुकरं हाकलायला. पोरगा ती खांद्याला लावून फिरतो हे अख्ख्या गावाला ठाऊक. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. तेवढे दिवस आम्ही बाया सड्यावरून मोकळ्या चालतो. खरंच. एकमेकींना सांगतोसुद्धा, जमा झाल्या गो.

मी ठरवलं, मला पण बंदूक पाहिजे. आईला सांगितलं तर ती भाकरी थापताना थांबली.

"तिघं असले तर तुझ्या हातातनं ओढून घ्यायला किती वेळ लागेल? मग तुझ्याच बंदुकीने..." आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिचं चुकत नव्हतं. माझा हात चालेल का तेही माहीत नाही. पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला? बाईने बंदूक घ्यावी का यावर सगळ्यांकडे मत. त्याच्या हातात ती का, यावर गावात एकाकडे नाही.

रजा टाकली, अर्ज घेऊन सरकारी ऑफिसात गेले. कारण लिहिलं, स्वसंरक्षण. क्लार्कने मोठ्याने वाचलं.

"कोणापासून ताई? सासू छळते काय?"

रांगेतले हसले. एक बाई पण हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "हिचा नेम चुकला तर आपण जायचो."

"शेती आहे?" क्लार्कने विचारलं.

"थोडं भात. काजूची आठ कलमं."

"मग वानर लिहा की. वानरांसाठी मिळते. बाईसाठी कोण देतो?" आणि स्वतःच्याच पेनाने माझं कारण खोडून वर लिहिलं, वानर. मदत केली म्हणे.

डोकं तापलं माझं. म्हणजे माझ्या आठ कलमांना राखण मिळते. मला नाही. काजूची बोंडं खाल्ली तर नुकसान. माझ्यावर नळी रोखली तर मस्करी.

नवा फॉर्म मागितला. परत तेच लिहिलं, स्वसंरक्षण. मग कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्या दुसरा अर्ज लिहिला. बापाच्या परवान्याची बंदूक पोरगा वापरतो. माझ्यावर रोखली. नाव, गाव, दिवस, वेळ. परवाना रद्द करा.

"दोन्हीची पोच द्या."

"ताई, हे जरा घरी विचारून..."

"पोच द्या."

शिक्का मारताना तो हसत नव्हता.

चार दिवसांत आईचं काम सुटलं. रविवारी सकाळी पाटील दारात. "बागवाल्यांवरचा कागद मागे घे. तुझ्या बंदुकीची शिफारस मी करतो. वानर लिहू, होऊन जाईल काम. आईलाही परत घेतील."

खोटं नाही सांगत, मी क्षणभर डगमगले. बंदूक मिळत होती. आईचं काम मिळत होतं. पण त्याची बंदूकही त्याच्याकडेच राहणार होती.

"नाही घेत मागे," म्हटलं.

पाटील आईकडे वळले. "समजव हिला."

आई म्हणाली, "मला तर कामावरनं काढलंत, पाटील. आता कशाचं भय घालून समजवू?"

मंगळवारी पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलंय. मी जाणार. त्याचं नाव सांगणार, बापाचं सांगणार, त्या दोन मित्रांचं पण. ओढणी मी उचलली हेही सांगणार, कारण उचलायला कोणी लावली ते त्यात येतं. माझा परवाना नाकारायचा तर नाकारा, पण माझं कारण वाचून, लेखी. आणि जबाब लिहून झाला की मी तो सगळा वाचणार. बोटाने ओळ न् ओळ. एक शब्द जरी बदललेला दिसला, तर सही करणार नाही. परत लिहायला लावणार. संध्याकाळ झाली तरी बसणार.