भूपेंद्रचा विषाचा नियम

भूपेंद्र बुधवारा पेठेत बियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो. तोंडाला फडकं बांधा, हात धुवा, रिकामी बाटली घरात नेऊ नका, हे तो दिवसभर गिऱ्हाइकांना बजावत राहतो. त्यामुळे विषाच्या बाबतीत त्याला थट्टा चालत नाही. अडचण अशी, की रविवारी दुपारी तो घरी राक्षस-जादूगारांचा खेळ चालवतो.

या खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि एखादं धाडस जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट सांगायचं काम भूपेंद्रचं. त्याची बायको रंजिता चेटकीण होते, मेहुणी मोनाली चोर, आणि नेपानगरहून येणारा मित्र ललित योद्धा.

एका रविवारी योद्ध्याला विषारी कोळी चावला. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे थोडी ताकद वजा करून पुढे जायचं होतं. भूपेंद्रला ते पटेना. विष म्हणजे काय मस्करी आहे का, म्हणत त्याने स्वतःचा नियम काढला. योद्ध्याला आधी घाम फुटला, मग दिसेनासं झालं, मग पाय गेले. चेटकीण आणि चोर त्याला झोळीत घालून जंगलातून वैद्याकडे घेऊन गेल्या. वैद्य लग्नाला गेला होता. लग्नघरी पोचल्या, तर वैद्य पंगतीत बसलेला. ललितला दुपारभर फाशांना हात लावायला मिळाला नाही. त्याने शेवेची अख्खी पिशवी संपवली आणि शेवटी काकुळतीला आला.

"यार, मला मरू दे, नाही तर उठू दे."

आपण ड्रॅगन मारायला निघालो होतो की पेशंट पोचवायला, असं रंजितानेही विचारलं.

भूपेंद्रला ते लागलं. पुढच्या रविवारी त्याने दुसरं टोक गाठलं. विषाने जराशी ताकद जाणार, बस. कपटी राणीने भर दरबारात विषारी सरबत पुढे केलं, तर ललितने ते गटागटा पिऊन टाकलं आणि उन्हातून आलोय म्हणून आणखी एक पेला मागितला. मोनालीने बर्फ आहे का विचारलं. राणीचा एवढा अपमान भूपेंद्रला सहन झाला नाही. फासे डब्यात टाकून तो उठला.

त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात त्याने मावा जिलेबी जरा जास्तच खाल्ली. दुसऱ्या दिवशी मालक बाहेरगावी, दुकान एकट्यावर, आणि पोटात कळा. तेवढ्यात देडतलाईचे उखर्डूदादा केळीवरच्या करप्याचं औषध घ्यायला आले. बाटली वरच्या फळीवर होती. भूपेंद्र स्टुलावर चढला, हात उंचावला आणि तसाच थिजला. हात आणखी वर न्यावा की पोट सांभाळावं? दोन्ही एकदम होईना. उखर्डूदादांनी बराच वेळ वाट पाहिली.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "एक तं बाटली काढा, नाही तं जाऊन या. मी बसतो."

भूपेंद्र जाऊन आला तो हसतच. पोट मोकळं झालं म्हणून हसतोय, असं उखर्डूदादांना वाटलं. पण त्याला नियम सापडला होता. विष चढलं तरी माणूस खेळत राहणार; फक्त प्रत्येक डावाला त्याने ठरवायचं, काम करायचं की स्वतःला आवरायचं.

रविवारी ड्रॅगनच्या गुहेशीच योद्ध्याला विषारी काटा रुतला. तलवार उचलतोस की पोट आवरतोस, असं भूपेंद्रने गंभीरपणे विचारलं. ललितने पोट आवरलं. ड्रॅगनने ढाल जाळली. ललितने पुन्हा पोट आवरलं. चोराची वेणी होरपळली.

"ललितभाऊ, आता लाज सोडा," मोनाली म्हणाली.

ललितने फासे कपाळाला लावले. "तलवार."

फासे चांगले पडले. ड्रॅगनची मान उडाली, आणि पोटाचं जे व्हायचं तेही झालं. चेटकीण आणि चोराने वाऱ्याची दिशा पाहून लांबूनच अभिनंदन केलं. राजाने सत्कार दरबारात न करता उघड्या मैदानात ठेवला. ललित एवढा खूश होता, की नेपानगरची गाडी चुकली तरी त्याला काही वाटलं नाही.