दोन मिनिटांची भाऊबीज

सोलापूरच्या अलीकडचं ते स्टेशन रोज अपडाऊन करणाऱ्यांनाच काय ते माहीत. एक फलाट, दोन बाकडी, आणि फलाट संपतो तिथूनच वनखात्याचं रान सुरू होतं. कडुनिंब, बाभळी, सकाळच्या वेळी कधी हरणं. रानाच्या पलीकडे माझ्या आक्काचं सासर. नोकरीपायी बारा-तेरा वर्षं मी त्या गाडीनं सोलापूरला ये-जा केली, पण त्या फलाटाला माझा पाय पहिल्यांदा लागला तो गेल्या दिवाळीत. तेव्हा आक्काला जाऊन चार महिने झाले होते.

तिच्या घरी मी कधी गेलोच नाही असं नाही. बारशाला, लग्नाला मोटारसायकलवरून गेलो, पंगतीत जेवलो, परत आलो. भाऊबीजेला मात्र एकदाही नाही. त्या दिवशी भावानं बहिणीच्या दारी जायचं असतं, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण त्याच दिवशी सोलापुरात बायकोच्या माहेरी जेवण असायचं. तिलाही तिच्या भावांना ओवाळायचं असायचं. आणि सासुरवाडीला उशीर करायची माझी हिंमत नव्हती, खरं ते सांगतो.

तोड मीच काढली. फोनवर आक्काला म्हणालो, "तू स्टेशनवरच ये. गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ओवाळ."

ती मग म्हणाली, "बरं. येते की."

आली. रानातल्या पायवाटेनं, ताट पदराखाली झाकून. मी गाडीच्या दारात उभा, ती खाली फलाटावर. निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. तिसऱ्यांदा पेटतंय तोवर गाडीनं भोंगा दिला. घाईत कुंकू माझ्या भुवईवर लागलं. मी ताटात ओवाळणी टाकली, तिनं करंज्यांची पिशवी बायकोच्या हातात कोंबली आणि गाडी हलली. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला होता, तो मी मागून घेतला आणि मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. दिवसभर कौतुक गोळा करत बसलो. बहिणीचंही झालं, सासुरवाडीचंही झालं, एका दगडात दोन पक्षी.

मग तो रिवाजच पडून गेला. सहा वर्षं. दरवर्षी आक्का टिळा लावता लावता म्हणायची, "उतर की आज. फुडच्या गाडीनं जा."

"तिकडं सगळे जेवायचे थांबलेत गं."

ती हसायची. त्या हसण्याला मी तिची संमती समजलो. मोठा शहाणा ना मी.

गेल्या भाऊबीजेला बायको-मुलं तशीच पुढे गेली, आणि मी एकटा उतरलो. ओवाळायला कुणी नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी उतरलो. गाडी निघून गेल्यावर रानात शिरलो. वाट खडकाळ, कडेनं बाभळीचे काटे. मोकळ्या हातानं चालून मला अर्धा तास लागला. ती भरलं ताट घेऊन यायची, आणि किती वेळ लागतो हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

दाजी दारात बसले होते. मला बघून उठले, "या पाव्हणं" म्हणाले, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी म्हणालो, "भाऊबीज आहे म्हणून आलो." म्हणताना लाज वाटली.

दाजींनी अंगणाकडे बोट दाखवलं. मग सावकाश बोलले, "ती दरवर्षी हितं पाट मांडूनच स्टेशनला जायची. भवतीनं रांगोळी काढायची. सैपाक बी करून ठेवायची. म्हणायची, आज उतरलाच तर तयारी असावी की."

"मला कधी बोलली नाही."

"तुमाला कशाला बोलंल? तुमचा राग न्हवता तिला." त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. "पर परत आल्यावर तिला त्यो पाट उचलवायचा न्हाय. सांजच्याला मीच उचलायचो."