भुताच्या डायलॉगांबद्दल बाबांचं मत

आमच्या घरी सिनेमा संपला की प्रत्येकाला मत द्यावं लागे. बाबांचा तसा दंडकच होता. सिनेमे तरी कसले, तर नागपुरातल्या एकाही टॉकीजनं लावले नसते असले. रबरी हातमोजे घातलेलं भूत, पाठीवर चेन दिसणारा राक्षस, भरदिवसा शूटिंग करून निळ्या काचेतून दाखवलेली अमावास्या. व्हीसीआर भाड्यानं यायचा आणि त्याच्यासोबत बाबा मुद्दाम असलीच कॅसेट मागवायचे. आई म्हणायची, "बाकीच्यांच्या घरी चांगले पिच्चर येते. आपल्याच घरी काहून हे भूतखेत?"

मला मात्र ते मनापासून आवडत. मोठ्या सिनेमातल्या बाया घाबरल्या तरी सुंदर दिसायच्या. इथल्या घामाघूम व्हायच्या, पदर सावरायचं विसरायच्या. भीती खरी, बाकी सगळं खोटं, असं माझं मत होतं आणि ते मी कॉलेजातही तावातावानं मांडत असे.

बाबा कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीत सरदार होते. पाळी सुरू झाली की आधी त्यांनी आत जायचं, काठीनं छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला पोकळ. त्यांनी हो म्हटल्यावरच बाकीची माणसं त्या छताखाली जात. म्हणून पडद्यावरची गोणपाटाची गुहा हलली की बाबा पोट धरून हसायचे. "ह्या छताखाली मी बकरीबी नसती नेली!"

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी आम्ही तिघंच होतो. कूलर फुल स्पीडवर. अलीकडे बाबा त्याला हळू करू देत नसत, आणि बोलतही ओरडून. खाणीतली सवय, असं आम्ही धरून चाललो होतो. हाकेला ओ दिली नाही तर आई म्हणे, डोकं तापलं असेल.

सिनेमा खाणीतल्या भुताचा. अर्धा झाला तरी एक शब्द कानावर पडेना. मी टीव्हीचं बटन शेवटपर्यंत फिरवलं. मग वैतागून उठले आणि कूलर बंद केला. खोली चिडीचूप झाली. कॅसेटमध्ये आवाजच नव्हता. कॉपीवरून कॉपी करताना कुठंतरी गळला होता. दुकानदाराला चार शिव्या हासडाव्यात म्हणून मी वळले, तर बाबा रंगून पाहत होते. त्यांना कूलर थांबल्याचंही कळलं नव्हतं. आई माझ्याकडे पाहू लागली. 

गोणपाटाचं छत कोसळलं, बाबा हसले, सिनेमा संपला.

"बोला, काय मत?"

मी कॅसेट काढायला वाकले.

"मग मी सांगतो. भूत झकास हाय. पण डायलॉग बोगस. मेल्यावर माणूस एवढं काहून बोलून राहिला?"

 आई उठून त्यांच्या समोर जाऊन बसली. "अवो, आवाजच नव्हता त्याले."

बाबांनी आधी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग कूलरच्या थांबलेल्या पात्यांकडे. चेहरा उतरला, पण लगेच ताठ झाले.

"छत ठोकलं का हाताले समजते मले. बोटं लावून पाहतो."

"हातानं? आन् खाली लोकाइची पोरं?" आईचा आवाज चिरकला. "त्याइच्या मायनं काय म्हणावं?"

बाबा भडकले. मला त्यांची इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि इतकी दयाही. स्वयंपाकघरात पत्र्याची दोन पिंपं होती, एक गव्हानं भरलेलं, एक रिकामं. त्यांनी मला तिकडे पिटाळलं. "बोटानं वाजव. कोणतं भरलं हाय ते सांगतो. चुकलो तर उद्याच साहेबाले म्हणतो, छत दुसऱ्याले दे."

आणि पाठ करून उंबऱ्यात उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. खाणीत असेच उभे राहत असतील.

मी आधी गव्हाचं पिंप वाजवलं. मग रिकामं. ते तर चांगलं घुमलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"वाजव नं वं," बाबा म्हणाले.