उगवत कुण्या अंगाला

दवाखान्याच्या मोठ्या दारातून आत आलं की समोरच माझं टेबल. वर पाटी, 'मदत कक्ष'. ज्यांना वाचता येतं ते पाट्या वाचत पुढे जातात आणि चुकतात. ज्यांना येत नाही ते माझ्याकडे येतात, माझं ऐकतात आणि चुकतात. हे मी पूर्वी हसून सांगायची. आता सांगत नाही.

माझा स्वभाव मुळातच तापट. एक्स-रे कुठं, मुतारी कुठं, मोठे डॉक्टर कुठं बसतात, खालचं शवागार कुठं, हे सकाळपासून सांगून सांगून दुपारपर्यंत जिभेला धार चढायची. टेबल सोडायचं नाही असा साहेबांचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्या सोयीचा होता. बसल्या जागेवरून हात लांब करायचा, 'सरळ जा, डावीकडे वळा' म्हणायचं, की आपलं काम संपलं.

त्या दिवशी दुपारी तलवाड्याकडचे एक मेंढपाळ आले. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला पटका, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. रांग मोडून पुढे घुसले म्हणून मी आधीच चिडले होते. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी तिला मुलगा झाला आणि रक्त काही थांबेना. आई तिच्या उशाशी बसलेली, जावई अजून वाटेत. सिस्टरनी यांच्या हातात तिच्या रक्ताच्या नमुन्याची नळी आणि चिठ्ठी दिली आणि रक्तपेढीतून पिशवी घेऊन लगेच यायला सांगितलं.

"माय, रगत कुठं भेटतं?"

"सरळ जा. डावीकडे वळा. जिना उतरलात की उजवीकडे, मग बाहेर पडा. मागची जुनी इमारत."

ते हलले नाहीत. "उगवतीला हाय का मावळतीला?"

"मामा, हे काय तुमचं माळरान आहे का? इथं डावं-उजवं चालतं."

रांगेतले लोक हसले. तेही ओशाळून हसले. "न्हाई, हितं ऊनच दिसंना. उगवत कुण्या अंगाला हाय तेवढं सांगा, मंग मी बराबर जातो."

"पुढचे कोण? या," मी म्हणाले.

माझं माहेर माजलगावजवळचं आहे. आमच्या घरात पाण्याचा माठसुद्धा मावळतीच्या भिंतीला असायचा. पंगतीत दाटी झाली की वडील म्हणायचे, जरा दक्षिणेला सरक. डावं-उजवं मी शाळेत शिकले. रक्तपेढीच्या दारावर सकाळचं पहिलं ऊन पडतं, हे मी रोज कामावर येताना बघत होते. त्या अंगाला हात करून 'उगवतीला' एवढा एकच शब्द मला सांगायचा होता. मला तो येत होता. पण चार लोकांत तो तोंडातून काढायची मला लाज वाटली, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

पाऊण तासाने बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी धापा टाकत आली. "ते मेंढरंवाले बाबा इकडं आलते का? रगताची पिशवी अजून न्हाई. डॉक्टर बोंबलायलेत."

नियम-बियम तसाच टाकून मी पळाले. रक्तपेढीत विचारलं, असा कुणी माणूस आलाच नव्हता. जुनी इमारत, औषधाची खिडकी, संडासांची रांग, सगळं पालथं घातलं. शेवटी ते सापडले सोनोग्राफीच्या दारात, रांगेत. कुणाला तरी त्यांनी चिठ्ठी दाखवली होती, त्याने 'चिठ्ठीवाले इथंच' म्हणून उभं केलं. पुढे पंधरा-वीस बायका आणि त्यांच्यामागे पटका सावरत उभा हा माणूस. नळी अजून मुठीतच.

मला बघून त्यांना हायसं वाटलं. "नंबर लई लांब हाय, माय. मी मधी घुसलो न्हाई."

मी त्यांचा हात धरून ओढतच नेलं. रक्तपेढीतल्या माणसाने नळी घेतली, तपासणीला वेळ लागेल म्हणाला. बाकावर बसून ते त्याच्या हाताकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. देवा, एवढी एक पिशवी पोचू दे, असं मी किती वेळा म्हटलं असेन! पिशवी मिळाल्यावर ती छातीशी धरून मीच जिने चढले. वॉर्डाच्या दारात सिस्टरने ती माझ्या हातून हिसकावून घेतली.

साडेचारला मावशीनेच येऊन सांगितलं. पोरगी गेली. बाळ चांगलं आहे.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, पाऊण तास आधी रक्त आलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. लोक म्हणतात, याने तुझ्या मनाला आधार मिळायला हवा. मला मिळाला नाही. 'सांगता येत नाही' म्हणजे वाचलीही असती.

मी टेबलाशी येऊन बसले. दुसरं काय करणार होते? रांग तशीच होती. केसपेपर कुठं, सलाईन कुठं. मी मान खाली घालून हात लांब करत राहिले. पाच-सहा जण गेले असतील. पुढच्याला न बघताच विचारलं, "कुठं जायचंय?"

"लेकीला खाली कुठं नेलं म्हनत्यात. ते कुठं हाय?"

मी वर बघितलं. ते रांगेतून, आपल्या नंबराने आले होते. मी खुर्ची मागे सारून उठले.

"तुमी बसा, माय," ते म्हणाले. "मागं लोकं खोळंबल्यात. नुस्तं सांगा, मी जातो."