साडी न घेणारं गिऱ्हाईक

सुमनक्का शहापुरात आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या साडी बघायला. बाहेरच्या खोलीत थोरल्या भावाचे माग होते, त्यामुळं बायका थेट घरातच यायच्या. यांनी कपाट रिकामं होईपर्यंत साड्या उलगडायला लावल्या, एकीच्या काठाला नावं ठेवली, दुसरीच्या पदराला, चहा घेतला आणि काहीच न घेता उठल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘मास्तर, कोपऱ्यापत्तूर सोडाय चला. गल्लीतली कुत्री लई वंगाळ हायत.’

गल्लीतल्या एकुलत्या एका कुत्र्याला दात नव्हते. तरी मी गेलो, कारण मी त्यांना ओळखलं होतं. बेळगावात ज्या मनाच्या डॉक्टरांकडं मी जात होतो, त्यांच्याकडच्या या नर्स. मूळच्या निपाणीच्या, आईनं तंबाखूच्या वखारीत राबून शिकवलेल्या. साडीचं नाटक शेजाऱ्यांसाठी होतं. वेड्यांच्या डॉक्टरची नर्स आली म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत बातमी खडेबाजारात पोचली असती.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणजे शिकवायचं सोडून घरी पडून होतो. झोप नाही, भूक नाही, कुणाशी बोलणं नाही. वहिनींनी परड्यातल्या विहिरीवर फळ्या टाकून घेतल्या होत्या. कशासाठी, ते घरात कुणी बोलत नव्हतं. डॉक्टरांकडं एका नव्या औषधाची चाचणी चालली होती, तिच्यात त्यांनी मला घेतलं. मी चारदोनदा गेलो आणि जायचा बंद झालो.

‘गोळ्यांनी तोंड वाळतंय? पोट साफ हुईना?’ कोपऱ्यावर आक्कांनी विचारलं.

‘ते होतंच.’

‘मग?’

खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. मी हात लावीन ते बिघडतं, अशी माझी पक्की खात्री झाली होती. डॉक्टर दर खेपेला आशेनं विचारायचे, ‘काही फरक?’ फरक काडीचा नव्हता. पण त्यांचं तोंड उतरू नये म्हणून मी ‘थोडा आहे’ म्हणायचो. मग घरी येऊन वाटायचं, माझ्या खोट्यापायी हे औषध पास होणार आणि देशभर माणसं फसणार. खरं सांगावं, तर माझ्यासारख्या नतद्रष्टापायी चांगलं औषध नापास होणार! शेवटी औषधाचं भलं व्हावं म्हणून मीच बाजूला झालो. अंथरुणातून उठवत नव्हतं, पण देशाच्या आरोग्याची काळजी माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

आक्का तोंडाला पदर लावून भर रस्त्यात हसल्या. ‘अगं बाई! औषधाचा कारखानदार निवांत झोपलाय, आन् तुमी जागं!’ मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, ‘तुमच्या तोंडानं आजारच बोलतोय, मास्तर. कुनाला वाटतंय गुण येत न्हाय. कुनाला वाटतंय, गुण यावा एवढी आपली लायकीच न्हाय. असंच एकेक जन यायचं थांबतंय.’

त्यानंतर त्या येतच राहिल्या. ‘ही बाई साडी घेणार तरी कधी?’ म्हणून वहिनी वैतागल्या. भाऊ तर त्यांना बघितलं की मागच्या दारानं सटके. आक्का औषधाचं नावही काढत नसत. ‘जेवलासा?’ हा पहिला प्रश्न. ‘दोन घास म्हंजे बी जेवनच की.’ एके दिवशी मी पांघरुणाबाहेर आलोच नाही. त्या उशाशी बसून वहिनींशी साडीच्या रंगावरून वाद घालत राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, ‘मंगळवारी मी दवाखान्याच्या दारात उभी ऱ्हानार. तुमी आला न्हाय तर उभीच ऱ्हाईन.’

मी गेलो, ते निव्वळ त्यांचे पाय दुखतील म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मला वाटलं, संशोधनाचा पुढचा टप्पा! या वेळी मात्र मी खरं तेच सांगत गेलो. हळूहळू झोप लागायला लागली. पुढं मी पुन्हा वर्गावर उभा राहिलो, आणि वहिनींनी विहिरीवरच्या फळ्या काढल्या.

अंगात बळ आल्यावर मी फुशारक्या मारायला मोकळाच होतो. आई थकली म्हणून नोकरी सोडून आक्का निपाणीला निघाल्या, तेव्हा स्टँडवरही मी ऐटीत म्हणालो, ‘मी परत आलो म्हणून तुमची चाचणी वाचली बघा.’

आक्का म्हणाल्या, ‘मास्तर, मधी थांबलेल्या मानसाला चाचणीत परत घेत न्हाईत. तुमी तवाच बाद झालता. नंतरच्या गोळ्या नेहमीच्याच, जुन्या.’

‘मग एवढ्या खेपा कशाला घातल्या?’

‘तुमी नगं कुठं म्हनलासा? नुसतं यायचं थांबलासा.’

मी काहीतरी विनोद करणार होतो, जमला नाही. निपाणीची गाडी सुटली आणि मी स्टँडवर चारचौघांत ढसाढसा रडलो. त्याची मला जराही लाज वाटली नाही.