सातवा मजला रिकामा

"अहो, मॉक ड्रिल आहे, खरी आग नाही. आणि तुमचं नाव यादीत नाहीच. खाली जाऊन करणार काय?"

सायरन ठणाणा वाजत होता. मॅनेजर हसत हसत जिन्याकडे निघाला. जाता जाता म्हणाला, "क्लायंटचा फोन आला तर घ्या."

खराडीतल्या त्या ऑफिसात सहा वर्षं मी कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर तपासत होते. दर अकरा महिन्यांनी नवा करार. मी शिकवलेली पोरं कंपनीची झाली, मी एजन्सीचीच राहिले. तेही अंगवळणी पडलं होतं. पण त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टवरचे बाकीचे दुपारच्या पाळीला यायचे होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, मी एकटी हेडफोन लावून बसलेली, आणि कोपऱ्यात फडकं हातात घेऊन उभ्या सफाईच्या शांतामावशी.

"ताई, आपण नाही का जायचं?"

मी उठून खिडकीपाशी गेले. काचेतून खाली पार्किंग दिसत होतं. नावं पुकारली जात होती, माणसं हात वर करत होती. मग स्पीकरवर आवाज आला, "सातवा मजला रिकामा. सगळे सुखरूप."

अरे, आम्ही दोघी होतो की तिथे! इतकी लाज वाटली, मावशींकडे बघवेना. तेवढ्यात फोन वाजला. मी घेतला. "येस सर" म्हणाले. त्या "येस सर"चा राग मला अजून येतो.

महिन्याभराने मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. पर्मनंटचं पत्र समोर ठेवलं.

"सायरन वाजत असतानाही तुम्ही जागा सोडली नाहीत. अशी माणसं हवीत आम्हाला. पुढच्या ड्रिलला यादी तुमच्याकडे. शुक्रवारपर्यंत सही करून द्या."

ज्या गोष्टीपायी मला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं, तिचंच हे बक्षीस.

बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी ते पत्र बुद्धमूर्तीपाशी ठेवलं. बाबा यवतमाळकडून पुण्यात आले आणि कारखान्यात उभा जन्म रोजंदारीवर राबले.

"सही करून टाक, बाई. मले कोनी असा कागद देला नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही ती नोकरी हवीच होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात झालं असतं. तीन दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. बसमध्ये काढायचे, वाचायचे, परत घडी घालायचे. चिडचिड नुसती. स्वतःवर, बाबांवर, त्या गुळगुळीत कागदावर.

शुक्रवारी पेन उघडलं. मॅनेजरने ड्रिलची नवी यादी पुढे सरकवली. खाली नावं पुकारणारी म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं. मी विचारलं, "कॉन्ट्रॅक्टची माणसं कुठे आहेत यात?"

"ती एजन्सीची जबाबदारी. तुम्ही आता त्यांच्यातल्या नाही."

म्हणजे पुढच्या वेळी मजला रिकामा असल्याचं मी सांगायचं होतं. मावशी वर उभ्या असताना. माझ्या तोंडाने.

मी त्याच पेनाने यादीखाली लिहायला लागले. पहिलं नाव शांतामावशींचं. मग दोन सुरक्षारक्षक, पॅन्ट्रीतला पोऱ्या, कॉन्ट्रॅक्टवरचे आम्ही सात जण. अकरा नावं झाली.

"ही यादी मंजूर करा. मग सही करते."

"ऑफर मागे घेतली जाऊ शकते. कल्पना आहे ना?"

"आहे."

पत्र तिथेच टेबलावर ठेवून मी जागेवर येऊन बसले. अजून वरून काही निरोप नाही. बाबांना आज सांगणार आहे. ते बोलतील, कदाचित बोलायचेही नाहीत, आणि तेच जास्त लागेल.

मला पर्मनंट व्हायचंय, आजही. पण आता सायरन वाजला की मावशींचा हात धरून मी जिना उतरणार. सही झालेली असो वा नसो. खाली गेल्यावर अकराही नावं मोठ्याने पुकारणार. वर क्लायंटचा फोन वाजत राहू दे.