पत्रावळीच्या कंपनीतला अर्धा वाटा

रंभा आधी अशी नव्हती. दोन हजार तीन साली तिचा नवरा पंढरी वैशाखरे गावाजवळ टेम्पो पलटी होऊन गेला, आणि त्या दिसापासून ती माणसाच्या तोंडाकडं नाय, हाताकडं बघायला लागली. गाव तिला संशयी बोलतं. बोलू दे. तिच्या जागी महिनाभर राहून दाखवा, मंग बोला.

पंढरी आणि त्याचा दोस्त महिपत, दोघांनी मिळून सापगावात पत्रावळीची कंपनी काढली होती. शेड पंढरीच्या जमिनीवर, मशिनी महिपतनं आणलेल्या. वाडीवरच्या बायका पळसाची पानं आणायच्या, तापलेल्या साच्यात दाबून पत्रावळ निघायची, लग्नसराईत माल पार कल्याणपर्यंत जायचा. कागदावर प्रायव्हेट लिमिटेड. अर्धी ह्याची, अर्धी त्याची. पंढरी गेला तशी त्याची अर्धी आणि शेडची जमीन रंभाच्या नावावर चढली.

पण घरात एक रुपया येईना.

विचारायला गेली की महिपत हात वर करायचा. "वयनी, नफाच नाय होत. वाटू काय, माझं कपाळ?"

आणि त्याच वर्षी त्याच्या दारात नवी जीप उभी राहिली.

रंभानं तिच्या डोक्यानं हिशोब लावला : हा माल चोरून विकतो. ती शेतावरची बाई. खळ्यात भाताची रास लागली की सगळ्यांसमोर पूजा होते, मापानं मोजतात, मंग ज्याचा त्याला वाटा. मोजायच्या आधी कुणी एक पाटी जरी उचलली तरी ती चोरी. चोरी म्हणजे कुणीतरी काहीतरी उचलून नेणार, एवढं तिला ठाऊक. म्हणून सगळा चैत्र ती शेडसमोरच्या बांधावर ठाण मांडून बसली. टेम्पो भरला की गठ्ठ्यांवर नजर.

मशीनवर काम करणारी जिवली तिच्या शेजारघरची. तिनं एक दिवस हाळी दिली, "गो रंभे, काय चारतेस तिकडं?"

"शेळी."

"शेळी तर तुझ्या दारात बांधलीय. मी येताना बघितली."

रंभा चिडली. "मंग तूच सांग ना, गठ्ठे कुठं जातात?"

"बिलावर जातात बाय. मीच बांधते, मीच चढवते. एक पत्रावळ इकडची तिकडं नाय. पंढरीदादाची आण."

म्हणजे महिपत माल चोरत नव्हता. रंभाला ते पटेना, पण हाताला काय लागतही नव्हतं.

मंग एक दिवस महिपत स्वतः घरी आला. जिलेबी घेऊन. रंभाची पोर काजल तेव्हा बारावीला होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोलला, "वयनी, तुमची अर्धी मला देऊन टाका. सत्तर हजार रोख. पोरीचं कालेज होईल. नाहीतरी त्या कंपनीत काय हाय?"

"काय नाय ना? मंग तुमी कशाला सत्तर हजार घालवता?"

"पंढरीची आठवण म्हणून."

रंभानं जिलेबीचा पुडा उघडला नाय. पंढरीची आठवण ह्याला बाराव्याला आली नव्हती, जेवून पहिला हाच उठला होता. पण काजलची फी तोंडावर होती. नाय बोलायला पण जोर लागतो. ती बोलली, "कागद तुमच्या हापिसात बघू."

हापिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. कागद करायला कल्याणचे कर्णिकसाहेब आले होते, कंपनीचे हिशोब तेच बघायचे. माणूस बरा, पण बोलायची हौस. रंभानं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "साहेब, नफा नाय तर भावजींचं घर कशावर चालतं?"

"पगारावर, बाई. कंपनीतला पैसा मालकाचा नसतो, कंपनीचा असतो. तो बाहेर काढायचा तर रीत असते. काम करतो म्हणून पगार. जागा दिली म्हणून भाडं. सगळा खर्च आणि टॅक्स जाऊन उरला तो नफा. तो डिव्हिडंड म्हणून वाटायचा."

"तो डिव्हिडंड भावजी एकटे घेऊ शकतात?"

"छे! अर्धा तुम्हाला द्यावाच लागेल."

"आणि पगार?"

"पगार ज्याचा त्याचा. तो खर्चात जातो, नफा धरायच्या आधी."

रंभानं पेन खाली ठेवलं. "पगार कुणाकुणाला हाय?"

"मशीनवरच्या बायका, ड्रायव्हर, महिपतराव, मॅडम..."

"कंची मॅडम?"

कर्णिकांनी महिपतकडं बघितलं. महिपत छताकडं. "रविनामॅडम. मॅनेजर आहेत. जीपही त्यांच्याच नावावर आहे, कंपनी तिचं भाडं भरते."

रविना म्हणजे महिपतची बायको. दाराशी पानं निवडत बसलेली जिवली फसकन हसली. "मॅनेजर? तिला पत्रावळ सुलटी कंची नि उलटी कंची ते सांगावं लागतं!"

रंभाला आता उमगलं. ती बांधावर गठ्ठे राखत बसली, आणि रास तर पगाराच्या नावानं भर दिवसा उचलली जात होती. मोजायला काय उरणार?

महिपत तापला. "पहाटेपासून राबतो मी! फुकट राबू?"

"तुमी राबता, तुमचा पगार घ्या. महिनाभर बघितलंय मी. रविना मात्र एक दिवस नाय दिसली. सोमवारपासून तिच्या खुर्चीत मी बसणार. आणि माझ्या जागेचं भाडं कुठंय, साहेब?"

"ते... ठरलेलंच नाही कधी."

"मंग आज ठरवा. अर्धी मी विकत नाय."

महिपतनं जरा दम घेतला आणि एकदम मऊ आवाजात बोलला, "बरं वयनी. तुमी बोलाल तसं."

एवढ्या लवकर? रंभानं त्याच्या हाताकडं बघितलं. हात जीपच्या चावीवर होता.

"साहेब, अजून कशाकशानं पैसा भायेर निघतो? सगळं सांगा."

कर्णिक अडखळले. "म्हणजे... मालक कंपनीकडून उसने घेऊ शकतो. लिहून, परत करायच्या बोलीवर. ते खर्चात धरत नाहीत, नफ्यातही नाही."

महिपत उठला. "मला मुरबाडला जायचंय, टाइम झाला."

रंभानं आपली खुर्ची सरकवून दारात आडवी लावली आणि तिच्यावर बसली.

"जिवले, तीन चहा सांग. भावजींना घाई नाय."